झाकल्या मुठीतला दशमांश

३ ऑगस्ट २०१४ चा रविवार. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल शहराला लागून बेलव्ह्यू नावाचे उपनगर आहे. तेथील ‘मार्स हिल’ चर्चच्या बाहेर साठेक माणसे हातांत फलक घेऊन उभी होती. चर्चवर चालून आलेले हे परधर्मीय नव्हते, की धर्माची टवाळी करणाऱ्या विचारवंतांचा जथाही नव्हता. कालपरवापर्यंत त्याच चर्चच्या छताखाली प्रार्थना करणारे, आपल्या मिळकतीतील दशमांश त्याच दानपेटीत टाकणारे हे माजी सभासद होते. त्यांच्या हातातील फलकांवर लिहिले होते, ‘आम्ही निनावी नाही.’

या तीन शब्दांमागे एक सल होता. काही दिवसांपूर्वीच चर्चचे मुख्य पाळक मार्क ड्रिस्कॉल यांनी एका ध्वनिचित्रफितीतून सभासदांशी संवाद साधला होता. तक्रार करणारे बरेच जण निनावी असल्याने समेट करावा तरी कोणाशी, असा त्यांचा सूर होता. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या चर्चसाठी खुर्च्या मांडल्या, मुले सांभाळली, घरे उघडी ठेवली आणि पगारातून पैसे दिले, ते एका वाक्यात निनावी ठरले. म्हणून ते चेहरे घेऊन दाराशी आले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत मार्स हिल ही संस्थाच अस्तित्वात उरली नाही.

एका परदेशी चर्चच्या पडझडीकडे मराठी वाचकाने का पाहावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दोन कारणांनी पाहावे. श्रद्धेने दिलेल्या पैशाचा हिशेब मागणारा माणूस धर्माचा शत्रू ठरवला जातो तेव्हा पुढे काय घडते, याचा हा स्वच्छ धडा आहे. आणि दुसरे कारण असे की, या हिशेबाच्या वहीत एका पानावर भारताचेही नाव आहे.

प्रश्नांच्या टेकडीवरचे मौन

मार्स हिल हे नावच मुळात बोलके आहे. प्राचीन अथेन्समधील ॲरिओपागस नावाच्या टेकडीचे हे इंग्रजी नाव. बायबलमधील कथेनुसार संत पौल याला अथेन्सवासीयांनी या ठिकाणी नेले आणि ‘तुझी ही नवी शिकवण आहे तरी काय’ असे विचारले. पौलाने त्यांना उत्तर दिले. म्हणजे हे नाव घेणाऱ्या संस्थेने जाहीर प्रश्नोत्तरांचा वारसाच स्वीकारला होता.

१९९६ मध्ये हे चर्च सुरू झाले तेव्हा ड्रिस्कॉल जेमतेम पंचविशीतले होते. सिएटल हे संगणक उद्योगाचे आणि बंडखोर संगीताचे शहर. चर्चकडे पाठ फिरवलेल्या तरुणांचे शहर. तेथे जीन्स घालून, विनोद करीत, प्रसंगी अर्वाच्य भाषा वापरीत तास तासभर प्रवचन देणारा हा पाळक पाहता पाहता देशभर गाजला. घरगुती बायबल-वर्गातून सुरू झालेले हे काम कळसाला पोहोचले तेव्हा पाच राज्यांत पंधरा ठिकाणी या चर्चच्या शाखा होत्या आणि दर आठवड्याची उपस्थिती बारा हजारांवर गेली होती. शाखा अनेक, पण पडद्यावर प्रवचन मात्र एकाचेच, अशी ही रचना होती.

या वाढीत खोटे काही नव्हते. तेथे अनेकांची व्यसने सुटली, मोडलेले संसार सावरले, एकाकी तरुणांना कुटुंब मिळाले, हे माजी सभासद आजही मान्य करतात. त्यांची वेदना त्यातूनच येते. संस्था सर्वस्वी वाईट असती तर ती सोडताना कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नसते.

ठिणगी पडली २००७ मध्ये. चर्चच्या घटनेत बदल करून सर्व ‘वडिलांच्या’, म्हणजे कारभारी मंडळाच्या, हाती असलेली सत्ता मोजक्या कार्यकारी वडिलांकडे सोपवण्याचा घाट घातला गेला. दोन वडिलांनी या बदलाला हरकत घेतली. त्यांपैकी एक जण कायद्याचे शिक्षण घेतलेले होते. चुकीच्या मसुद्यातून पुढे काय ओढवते, ते त्यांना इतरांच्या आधी दिसले. ३० सप्टेंबर २००७ रोजी दोघांनाही कामावरून काढण्यात आले. चर्चने त्यांची अंतर्गत चौकशी भरवली आणि त्यांच्यापैकी एकाशी संबंध तोडण्याची सूचना सभासदांना दिली. मुलांचे खेळगडी, शेजारपाजारच्या पंगती, आजारपणात डबा आणून देणारे हात, सारे एका फतव्यासरशी नाहीसे झाले. बहिष्कृत हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

त्याच सुमारास ड्रिस्कॉल यांनी आपल्या चर्चची तुलना एका बसशी केली होती. जे आड येतील ते चाकाखाली जातील, बसच्या मागे प्रेतांचा ढीग साचला आहे आणि देवाच्या कृपेने पुढे त्याचा डोंगर होईल, अशा आशयाचे त्यांचे उद्गार ध्वनिमुद्रित आहेत. धर्मपीठावरचा माणूस हे बोलतो आणि ऐकणारे मान डोलावतात, तेव्हा दोष केवळ बोलणाऱ्याचा राहत नाही.

दानाच्या पैशातून लोकप्रियता

सत्ता एकवटली की तिजोरी झाकली जाते, हा जगाचा अनुभव आहे. मार्स हिलही त्याला अपवाद ठरले नाही.

जानेवारी २०१२ मध्ये ड्रिस्कॉल दांपत्याचे विवाहविषयक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत मार्गदर्शनपर पुस्तकांच्या विभागात थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचले. भाविकांना ही देवाची कृपा वाटली. २०१४ च्या मार्चमध्ये त्या कृपेची पावती बाहेर आली. अमेरिकेतीलच एका ख्रिस्ती नियतकालिकाने उघड केले की, पुस्तके ठरावीक पद्धतीने घाऊक विकत घेऊन यादीत वर चढवून देणाऱ्या एका कंपनीशी चर्चने करार केला होता. एकूण खर्च सुमारे दोन लाख दहा हजार डॉलर, त्या वेळच्या दराने जवळजवळ एक कोटी रुपये. पुस्तक लेखकाचे, कीर्ती लेखकाची, आणि पैसा चर्चचा! चर्चच्या मंडळाने आधी या व्यवहारात बेकायदेशीर काही नसल्याचा खुलासा केला, मग ही पद्धत शहाणपणाची नव्हती, अशी कबुली दिली. ड्रिस्कॉल यांनीही माफी मागून आपल्या नावापुढील ‘सर्वाधिक खपाचे लेखक’ ही बिरुदावली काढून टाकण्यास सांगितले.

या साऱ्यावर देखरेख कोणाची होती? चर्चने मोठ्या थाटात एक ‘सल्ला व उत्तरदायित्व मंडळ’ नेमले होते. त्यातील बहुसंख्य सदस्य बाहेरचे होते आणि त्यांत दूरदूरच्या शहरांतील प्रतिष्ठित धर्मोपदेशकही होते. पाळकावर पाळकाच्या मित्रांनी नजर ठेवायची, अशी ही व्यवस्था. २०१४ मध्ये त्यातील पॉल ट्रिप हे नामवंत लेखक बाहेर पडले आणि त्यांनी प्रांजळपणे सांगितले की, चर्चचे रोजचे जीवन प्रत्यक्ष न पाहणारे दूरचे मंडळ उत्तरदायित्वाचे काम करूच शकत नाही. जेम्स मॅक्डोनल्ड हेही त्याच वर्षी मंडळातून गेले. पुढे २०१९ मध्ये शिकागोजवळच्या त्यांच्या स्वतःच्या चर्चने त्यांना पदावरून दूर केले, आणि तेथेही चर्चच्या पैशाच्या वापराचे प्रश्न उपस्थित झालेच होते. राखणदाराचेच कुंपण शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी?

भारताच्या नावाने झोळी

या प्रकरणातील सर्वांत जिव्हारी लागणारा भाग ‘मार्स हिल ग्लोबल’ या नावाने चाललेल्या निधीचा आहे. चर्चच्या शाखांपासून दूर राहणाऱ्या, देशोदेशी प्रवचने ऐकणाऱ्या श्रोत्यांना आणि स्थानिक सभासदांनाही या निधीसाठी आवाहन केले जाई. डोळ्यांपुढे चित्र उभे केले जाई ते इथिओपिया आणि भारत या दोन देशांतील कार्याचे. तेथील पाळकांना साहाय्य, तेथे नव्या चर्चची उभारणी. देणाऱ्याच्या मनात साहजिकच असे येई की, आपला डॉलर समुद्रापार चालला आहे.

२०१४ मध्ये माजी सभासदांनी विचारायला सुरुवात केली की, यातला किती पैसा खरोखर परदेशी गेला? काही मदत निश्चितच पोहोचली होती. इथिओपियात आणि भारतात काही पाळकांना साहाय्य मिळाले होते. पण उत्तर देताना चर्चलाच मान्य करावे लागले की, या निधीविषयीचे निवेदन पुरेसे स्पष्ट नव्हते आणि मोठा वाटा अमेरिकेतील कामावरच खर्च झाला होता. त्याच सुमारास एक अंतर्गत टिपण बाहेर आले. महिन्याला दहा हजार डॉलरसारख्या तुलनेने किरकोळ रकमेत काही मिशनरी आणि मदतकार्ये पोसली तर टीका बोथट होईल आणि सद्भावना वाढेल, असा हिशेब त्यात मांडलेला होता.

या वाक्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भारतातील गरिबी, भारतातील कथित ‘आध्यात्मिक अंधार’, येथील लेकरांचे चेहरे ही त्या हिशेबात सेवेची क्षेत्रे नव्हती. ते टीका परतवण्याचे साधन होते. ज्या देशाने विवेकानंदांना १८९३ मध्ये शिकागोला पाठवले, त्या देशाचे चित्र सव्वाशे वर्षांनंतरही सिएटलच्या पडद्यावर याचकाचेच राहावे आणि त्या याचकाच्या नावाने जमलेली भिक्षा बहुतांशी यजमानाच्याच घरात खर्ची पडावी, याला काय म्हणावे? अमेरिकेतील साध्या, पापभीरू कुटुंबांची येथे दिशाभूल झाली आणि भारताची अप्रतिष्ठा झाली. या एका बाबतीत तेथील माजी सभासद आणि येथील नागरिक एकाच बाजूला उभे आहेत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन माजी सभासद दांपत्यांनी सिएटलच्या संघीय न्यायालयात ड्रिस्कॉल आणि चर्चच्या एका वरिष्ठ कारभाऱ्यावर दावा दाखल केला. संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा आधार घेऊन, एका कारणासाठी जमवलेला पैसा दुसरीकडे वळवल्याचा आरोप त्यात होता. दावा सुनावणीपर्यंत न पोहोचताच निकालात निघाला. आरोप सिद्ध झाले नाहीत, आणि असत्यही ठरले नाहीत. अमेरिकेच्या करकायद्यानुसार अन्य धर्मादाय संस्थांना जे वार्षिक विवरणपत्र भरावे लागते, त्यातून चर्चना सूट आहे. पुराव्याचे कागद ज्याच्या कपाटात, तोच ते उघडायचे की नाही हे ठरवणार!

कोसळणे आणि पश्चात्ताप

ऑगस्ट २०१४ मध्ये घटना वेगाने घडल्या. ज्या चर्च-उभारणी संघटनेच्या स्थापनेत ड्रिस्कॉल यांचाच हात होता, त्या ‘ॲक्ट्स २९’ने मार्स हिलला बाहेरचा रस्ता दाखवला. २१ माजी पाळकांनी लेखी आरोपपत्र दिले. सेवेत असलेल्या नऊ पाळकांनीही त्यांनी पदापासून दूर व्हावे, असे पत्र लिहिले. १४ ऑक्टोबर रोजी ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला. चौकशीत अनैतिक वर्तन किंवा गुन्हा आढळला नाही. उद्दामपणा, शीघ्रकोप, कठोर भाषा आणि हुकमी कारभार हे दोष मात्र नोंदवले गेले. सत्याला धरून हेही सांगितलेच पाहिजे. २०१५ उजाडले तेव्हा मार्स हिल विसर्जित झाले होते आणि त्याच्या बहुतेक शाखा स्वतंत्र चर्च झाल्या होत्या.

परंतु खरी मोलाची गोष्ट घडली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये. सात वर्षांपूर्वी त्या दोन वडिलांना काढण्याच्या निर्णयात सहभागी असलेल्यांपैकी १८ जणांनी त्यांची जाहीर क्षमा मागितली. मुख्य पाळकाकडे बोट दाखवून त्यांना मोकळे होता आले असते. तसे न करता त्यांनी आपल्याच हातून झालेला अन्याय कबूल केला. २०२१ मध्ये एका ख्रिस्ती नियतकालिकाने या चर्चच्या उदयास्तावर ध्वनिमालिका काढली, तेव्हा असंख्य माजी सभासद प्रथमच मोकळेपणाने बोलले. त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारा भाव असा की, चिन्हे दिसत होती. पण सभागृहे भरत होती, म्हणून आपण गप्प राहिलो. त्याच वर्षी ३९ माजी वडिलांनी एकत्र येऊन, २०१६ मध्ये ॲरिझोनात नवे चर्च उभारून बसलेल्या ड्रिस्कॉल यांनी तेथूनही पायउतार व्हावे, अशी जाहीर मागणी केली.

ज्यांनी २००७ मध्ये प्रश्न विचारले ते द्रोही ठरले होते. काळाने त्यांनाच चर्चचे खरे हितचिंतक ठरवले.

सिंगापूरचा दाखला

हे अमेरिकेपुरतेच आहे असे कोणी म्हणू नये. आशियातील सिंगापूरमध्ये ‘सिटी हार्वेस्ट’ या विशाल चर्चच्या एका सभासदाने २००३ मध्ये चर्चचा पैसा पाळकाच्या पत्नीच्या गायन-कारकिर्दीवर उधळला जात असल्याचे जाहीरपणे म्हटले. त्याच्यावर अशी वेळ आली की, त्याला वृत्तपत्रांतून जाहिराती देऊन माफी मागावी लागली. पण सिंगापुरात धर्मादाय आयुक्त आहे, आणि चर्चही त्याच्या कक्षेत येते. २०१० मध्ये चौकशी सुरू झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाळक काँग ही आणि अन्य पाच जण दोषी ठरले. गैरवापर झालेली रक्कम सुमारे पाच कोटी सिंगापूर डॉलर. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने काँग ही यांची शिक्षा आठ वर्षांवरून साडेतीन वर्षे केली. तेथे वैयक्तिक लाभ नसल्याचा मुद्दाही विचारात घेतला गेला. पण दोषसिद्धी टिकली.

दोन शहरांतील फरक डोळ्यांत भरणारा आहे. दोन्हीकडे श्रद्धा तीच, आणि प्रश्न विचारणाऱ्याची उपेक्षाही तीच. एका ठिकाणी राज्यसंस्थेला वही उघडण्याचा अधिकार होता, म्हणून सत्य न्यायालयात सिद्ध झाले. दुसऱ्या ठिकाणी तो नव्हता, म्हणून माजी सभासदांना फलक घेऊन रस्त्यावर उभे राहावे लागले.

आपल्या अंगणातील कसोटी

महाराष्ट्राने या बाबतीत शहाणपण फार लवकर दाखवले. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने मंदिर, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी अशा साऱ्यांना सार्वजनिक न्यासाच्या एकाच व्याख्येत घेतले. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायची, हिशेब ठेवायचे, लेखापरीक्षण करायचे. परदेशी देणग्यांसाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, २०१० मध्ये तो नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. या कायद्यांची अंमलबजावणी होऊ लागली की, काही वर्तुळांतून लगेच ‘धर्मस्वातंत्र्यावर घाला’ अशी हाकाटी उठते. तिला उत्तर द्यायला येथील कोणत्याही संघटनेची गरज नाही. बेलव्ह्यूच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या साठ ख्रिस्ती बांधवांनी ते दिलेले आहे. हिशेबाच्या अभावी सर्वांत आधी लुटला जातो तो त्याच धर्माचा श्रद्धावंत माणूस.

मात्र कायद्यात एक भगदाड अजून उरते. परदेशातून भारतात किती पैसा आला याची नोंद दिल्लीत होते. भारताच्या नावाने परदेशात किती जमला आणि वाटेत किती जिरला, याची नोंद भारतातील कोणत्याच कचेरीत होत नाही. मार्स हिलचे प्रकरण बाहेर आले ते माजी सभासदांच्या चिकाटीमुळे. ज्या संस्थांत असे चिवट माजी सभासद निघाले नाहीत, तेथील वह्या बंदच आहेत. म्हणून येथे परदेशी देणगी स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कोणत्याही धर्माची असो, पाठवणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारावा: ‘आमच्या नावाने तुम्ही किती गोळा केलेत?’ हा प्रश्न स्वाभिमानाचाही आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हा परक्यांच्या पैशावर आणि परक्यांच्या आज्ञेवर पोसलेला धर्म या मातीत रुजत नाही, हे त्यांनी आपल्या कृतीने सांगितले होते. ते ख्रिस्ताचे भक्त होते आणि अस्सल मराठी होते.

आणि हाच काटा आपल्या देवस्थानांनाही लावला पाहिजे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवताना स्वतःच्या डोळ्यातले मुसळ झाकून चालत नाही. उत्सव संपला की देवळाच्या भिंतीवर जमाखर्चाचा कागद चिकटवण्याची रीत आपल्या खेड्यापाड्यांत जुनी आहे. पावती फाडणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या कागदासमोर उभा राहून आपले नाव शोधतो आणि बेरीज पडताळून पाहतो. त्यात देवाचा अपमान कोणालाही वाटत नाही. गाडगेबाबांनी लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभारल्या, त्या विश्वस्तांच्या हाती सोपवल्या आणि स्वतः खापराचा तुकडा घेऊन हिंडत राहिले. त्यांच्या महाराष्ट्रात कोणत्याही गादीवरच्या महाराजाने, कोणत्याही न्यासाच्या अध्यक्षाने ‘श्रद्धा ठेवा, हिशेब विचारू नका’ असे म्हणू नये, आणि म्हटले तर भाविकांनी ते ऐकून घेऊ नये.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण त्या मुठीत जर शिक्षकाच्या पगारातले, शिवणकाम करणाऱ्या विधवेच्या कमाईतले, निवृत्तिवेतनातून वाचवलेले पैसे असतील, तर ती उघडून दाखवण्यास सांगण्याचा पहिला अधिकार देणाऱ्याचा आहे. सिएटलच्या त्या दोन वडिलांना हरकत घेतल्याबद्दल काम गमवावे लागले आणि क्षमायाचनेसाठी सात वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या गावातील मंडळाच्या, देवस्थानाच्या किंवा संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत कोणी उभा राहून ताळेबंदाची प्रत मागेल, तेव्हा त्याला खाली बसवण्याआधी उपस्थितांनी त्या दोघांची आठवण ठेवावी.